टर्बो बीटलसाठी पिस्टन-बॅरल: आधी भिंत बघा, मग बोअर

८७ मिलिमीटर बोअरचा, म्हणजे बॅरलच्या (सिलेंडरच्या नळीच्या) आतल्या व्यासाचा, सेटही नको आणि ९४चाही नको. उत्तर हवं असेल तर एवढंच. कारणं मात्र लांबलचक आहेत आणि पैसे खर्च करण्याआधी ती वाचलेली बरी.

तुमची माहिती थोडक्यात मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर कळेल. फोक्सवॅगन बीटलचं १६०० सीसी, ड्युअल पोर्ट हेडचं (प्रत्येक सिलेंडरला हवा आत घ्यायची वेगळी वाट असलेलं) इंजिन. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मधलं घर (पुढे नुसती ‘केस’), अजून कुणी बोअर केलेली नाही, म्हणजे तिची बॅरलची भोकं कापून मोठी केलेली नाहीत. क्रँक मूळचाच, ६९ मिलिमीटर स्ट्रोकचा (पिस्टन एवढा वर-खाली जातो). छोटा टर्बो लावून अर्धा बार बूस्ट, म्हणजे हवेला तेवढा जास्तीचा दाब, द्यायचा आहे. गाडी रोजची नाही. रविवारी महू-मांडव आणि वर्षातून एखादी मुंबई. तुम्ही विचारता की केस न कापता बसणारा ८७चा सेट घ्यावा की केस बोअर करून थेट ९४ बसवावा, पिस्टन कास्ट (ओतीव) चालतील की फोर्ज्डच (दाबून घडवलेले) हवेत, कम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबायचं, किती ठेवावं, आणि कोटिंगचा खरंच उपयोग होतो का.

पहिल्यांदा ते ‘मोठा बोअर’ डोक्यातून काढा. इंदुरात कुठल्याही गॅरेजात गेलात तरी कुणीतरी म्हणणारच, ‘भिया, टाकायचाच तर ९४ टाक.’ टर्बो नसलेल्या इंजिनात त्याचं बरोबरही आहे, तिथे ताकद वाढवायला सीसीशिवाय फारसा स्वस्त मार्ग नाही. टर्बोत हिशोब उलटा होतो. ८५.५ मिलिमीटर बोअरला १५८४ सीसी मिळतात, ९४ला १९१५. वाढ सुमारे एकवीस टक्के. आणि अर्धा बार बूस्ट म्हणजे सिलेंडरात जाणाऱ्या हवेचा दाब जवळजवळ दीडपट. ती एकवीस टक्के वाढ तुम्ही बूस्ट थोडा वर-खाली करून कधीही भरून काढू शकता. पातळ झालेली बॅरलची भिंत कुठल्याच नॉबने परत जाड होत नाही.

भिंतीला एवढं महत्त्व का, ते बीटलच्या रचनेतच आहे. मारुतीच्या इंजिनात सिलेंडर ब्लॉकमध्ये असतात, भोवती पाणी असतं, वर एकसंध गॅस्केट असतं. बीटलमध्ये बिडाची चार वेगळी बॅरलं आहेत. प्रत्येक बॅरल खाली मॅग्नेशियमच्या केसमध्ये आणि वर अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये चार लांब स्टडांनी दाबून धरलेलं असतं. पंख्याची हवा वरून येते, त्यामुळे बॅरलची वरची बाजू थंड आणि खालची गरम राहते. शेजारच्या बॅरलकडे तोंड असलेली बाजू आणखी गरम. गोल नळी एका अंगाने जास्त तापली की गोल राहत नाही. भिंत जाड असेल तर उष्णता आडवी पसरते आणि आकार टिकतो. पातळ असेल तर बॅरल लंबगोल होतं. रिंग थोडीफार वाकून सांभाळून घेते, पण बूस्टखाली तिच्यामागचा दाब वाढलेला असतो. जिथे फट राहते तिथून जळता वायू खाली जातो, भिंतीवरचा तेलाचा थर जाळतो, आणि पिस्टन बॅरल पकडतो. लोक म्हणतात ‘टर्बोने पिस्टन खाल्ला.’ बहुतेक वेळा सुरुवात बॅरलने केलेली असते.

आता ८७चा सेट बघा. तुमच्या केसचं भोक ९० मिलिमीटरचं आहे. ८५.५च्या बॅरलची केसमध्ये जाणारी मान त्यामुळे सव्वादोन मिलिमीटर जाड असते. त्याच भोकात ८७ बसवायचा म्हणजे भिंत दीड मिलिमीटरवर आली. साध्या इंजिनातही हा सेट बदनाम आहे. फायदा म्हणाल तर ५६ सीसी. टर्बोखाली मी तो फुकट मिळाला तरी बसवणार नाही.

९४ची अडचण जरा वेगळी आहे. तिथे मानेपेक्षा वरच्या टोकाची काळजी जास्त. बॅरल हेडमध्ये ज्या कडेवर बसतं ती कड ९४मध्ये अरुंद राहते, आणि तीच तुमची हेड गॅस्केट आहे, दुसरी कुठलीच नाही. बूस्ट आला की वायू तिथून वाट शोधतो. आमच्याकडे उघडलेल्या अशा एका इंजिनात तीन नंबरच्या बॅरलच्या वरच्या कडेवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ होती आणि हेडच्या अॅल्युमिनियमला बारीक नाली पडली होती. मालकाची तक्रार एवढीच होती की चढावर गाडी फटफटते. टर्बोशिवाय ९४ चांगले चालतात, हेही सांगतो. माझं भांडण बूस्टशी त्यांच्या जोडीबद्दल आहे.

तुमच्यापुढे दोन वाटा राहतात.

केस बोअर करायची नसेल तर ८५.५ वरच राहा, पण नवी बॅरलं आणि फोर्ज्ड पिस्टन घेऊन. जुनी बॅरलं पुढच्या ओव्हरसाइजला (थोड्या मोठ्या पिस्टनला) बोअर करून घेऊ नका. बुलेटला आपण सर्रास तसं करतो आणि चालतं. इथे त्या बोअरिंगमध्ये जाते ती नेमकी तुम्हाला हवी असलेली भिंत. अर्ध्या बारला हे छोटं इंजिन मूळच्या इंजिनापेक्षा कितीतरी जास्त ओढेल आणि खर्च आटोक्यात राहील.

केस बोअर करायची तयारी असेल तर ती ९४च्या सेटला लागतं त्या मापाला बोअर करा आणि आत ९२चं जाड भिंतीचं बॅरल बसवा. हा सेट ९४च्या सेटसाठी कापलेल्या भोकात बसेल असाच बनवलेला असतो. बाहेरचं माप ९४च्या बॅरलएवढंच, आतला बोअर ९२, म्हणजे चहूबाजूंनी एक मिलिमीटर जास्त बीड आणि वर रुंद कड. सीसी होतात १८३५. ९४च्या तुलनेत ८० सीसी सोडले आणि त्या बदल्यात गोल राहणारं बॅरल मिळालं. मागवताना ‘जाड भिंतीचं’ हे स्पष्ट लिहा, कारण ९२चं साधं बॅरलही मिळतं. ते ९०.५ बोअरच्या सेटसाठी कापलेल्या भोकात बसतं आणि त्याची भिंत पातळ असते.

बोअरिंग कुठे करायचं? पोलोग्राउंडला किंवा सांवेर रोडला मशीन भरपूर आहेत, कारागीरही चांगले आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांच्या हातून बीड आणि अॅल्युमिनियम जातं. ही केस मॅग्नेशियमची आहे. तिचा बारीक चुरा पेट घेतो आणि पाणी टाकलं तर आग आणखी भडकते. शेजारी कोरड्या वाळूची बादली हवीच, कटर धारदार हवा, चिप जाड निघायला हवी. शिवाय केसचे दोन्ही अर्धे जोडून, ठरलेल्या टॉर्कवर कसून, क्रँकच्या रेषेशी काटकोन धरूनच बोअर व्हायला पाहिजे. कारागीर सुटे अर्धे मशीनवर चढवायला निघाला तर नमस्कार करून केस परत आणा.

आतून निकासिल (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर) लावलेल्या अॅल्युमिनियमच्या बॅरलचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढेमागे कुणीतरी डोक्यात घालेल. माल उत्तम आहे. अॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेतं आणि पिस्टनच्याच हिशोबाने फुगतं, म्हणून क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बॅरलमधली फट, कमी ठेवता येतो. पोर्शने १९७५ साली ९११ टर्बो काढली तेव्हा अशीच बॅरलं वापरली: ९५चा बोअर, कम्प्रेशन अवघं ६.५, आणि पिस्टनच्या पोटावर खालून तेलाचे फवारे. पण शेवर्लेने १९६२मध्ये कॉर्व्हेअरला टर्बो लावला तो बिडाच्या बॅरलांवरच. अर्ध्या बारासाठी बीड पुरतं. ते पैसे इंटरकूलरला, म्हणजे टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरला, ठेवा.

आता पिस्टन. मूळचे कास्ट पिस्टन टर्बोखाली लगेच मरतात असं नाही. सगळं नीट असेल तोवर ते मुकाट चालतात. फरक पडतो तो नॉकिंग झाल्यावर, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून पिस्टनवर हातोडे बसल्यावर. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली पट्टी कास्ट पिस्टनमध्ये तडकते आणि तुकडा निघतो; फोर्ज्ड पिस्टन तेवढाच मार खाऊन वाकतो, खड्डे पाडून घेतो, पण तुम्हाला घरी पोहोचवतो. जास्त सिलिकॉनचे हायपरयुटेक्टिक पिस्टनही कास्टच असतात. ते कडक आहेत, झिजत कमी, पण नॉकिंगला ठिसूळच. एअर-कूल्ड टर्बोत नॉकिंग कधीच होणार नाही अशी हमी मी देत नाही, म्हणून फोर्ज्ड.

फोर्ज्डमध्येही दोन जाती आहेत आणि विकणारा बहुधा सांगत नाही, तुम्ही विचारा. ४०३२ या मिश्रधातूत सिलिकॉन बारा टक्क्यांच्या आसपास असतं, २६१८मध्ये जवळजवळ नाहीच. सिलिकॉन असलेला कमी फुगतो आणि कमी झिजतो. नसलेला जास्त चिवट, पण जास्त फुगणारा. ९२च्या बोअरचा हिशोब करून बघा. दर शंभर अंशांना २६१८चा पिस्टन सुमारे ०.२० मिलिमीटरने वाढतो, ४०३२चा पावणेदोन दशांश, आणि बिडाचं बॅरल फक्त ०.१०. फरक पिस्टनच्या क्लिअरन्समधून जातो. म्हणून २६१८ला क्लिअरन्स मोठा द्यावा लागतो, आणि डिसेंबरातल्या सकाळी गाडी पहिली पाच मिनिटं टकटक करते. वर्षातून एकदा मुंबई आणि बाकी रविवार, या वापराला मी ४०३२ घेईन. दीड बार बूस्टची शर्यतीची गाडी असती तर २६१८.

क्लिअरन्सचा आकडा मात्र माझ्याकडून घेऊ नका, पिस्टनच्या डब्यातल्या कागदावरून घ्या. स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) कुठे आणि किती लंबगोल केला आहे ते बनवणाऱ्यालाच माहीत, आणि कुठल्या उंचीवर मोजायचं तेही तोच सांगतो. एअर-कूल्ड आणि टर्बो असा वेगळा रकाना असेल तर त्यातलं मोठं माप धरा. घट्ट बांधलेलं इंजिन गुपचूप चालतं आणि मेमध्ये निमाडच्या उन्हात सीझ होतं.

रिंगच्या गॅपचंही (तिच्या दोन टोकांमधल्या फटीचंही) तेच, आणि इथे तर लोक सर्रास मूळचा आकडा ठेवतात. साध्या इंजिनाला वरच्या रिंगेचा गॅप ०.३० ते ०.४५ चालतो. ९२च्या रिंगेचा परीघ २८९ मिलिमीटर. ती बॅरलपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापली तर ०.३२ मिलिमीटर तिथेच संपले. गॅप ०.३० असेल तर टोकं एकमेकांना भिडतात, रिंगेला पसरायला जागा उरत नाही आणि ती पिस्टनचा वरचा भागच उचकटून काढते. तुमच्या बूस्टला वरची रिंग ०.५० ते ०.५५, दुसरी त्याहून पाच शतांश जास्त. दुसरीचा गॅप मोठा का? तिच्यावर अडकलेला दाब वरच्या रिंगेला खालून उचलू नये म्हणून. रिंग हाताने सरळ बसवू नका, उलट्या पिस्टनने ढकलून बॅरलमध्ये काटकोनात बसवा आणि मगच फट मोजायची पट्टी, फिलर गेज, घाला.

कम्प्रेशनमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून आकडे पूर्ण मांडतो. ९२ बोअर, ६९ स्ट्रोक: एका सिलेंडरचे ४५८.७ सीसी. तुम्हाला हवं ८ कम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर आल्यावर डोक्यावर ६५.५ सीसी जागा. हेडची चेंबर ५० सीसीची धरू, पण तुमची स्वतः मोजा: पारदर्शक प्लेट, ब्युरेट आणि रॉकेल. डेक, म्हणजे पिस्टनच्या माथ्यापासून बॅरलच्या कडेपर्यंतचं अंतर, १.२ मिलिमीटर ठेवला तर त्याचे ८ सीसी. झाले ५८. कम्प्रेशन आलं ८.९. हे जास्त आहे.

साडेसात सीसी कुठून आणायचे? सोपा उपाय म्हणून लोक बॅरलखाली शिम (पातळ चकत्या) घालतात आणि डेक २.३ मिलिमीटर करून टाकतात. कम्प्रेशन कागदावर आठ येतं, पण इंजिन पूर्वीपेक्षा जास्त नॉक करतं. पिस्टनचा माथा हेडच्या सपाट भागाजवळ येऊन मिश्रण मध्ये ढकलतो, घुसळतो, आणि कडेचा थर थंड ठेवतो. ते अंतर दोन मिलिमीटरच्या पुढे गेलं की हे काम बंद पडतं आणि कडेला उरलेलं मिश्रण नंतर आपोआप पेटतं. म्हणून डेक १.० ते १.५च्या आतच ठेवा आणि जागा दुसरीकडून काढा. एकतर माथ्यावर सात-आठ सीसीची वाटी असलेले पिस्टन मागवा, नाहीतर हेडची चेंबर व्हॉल्व्हच्या भोवती मोकळी करून घ्या, सपाट भाग न कापता. मी वाटीचे पिस्टन घेईन, कारण ते काम कारखान्यात चारही पिस्टनांना सारखं झालेलं असतं.

आणि गंमत बघा, ८५.५च्या वाटेवर हा प्रश्नच येत नाही. ३९६ सीसीचा सिलेंडर, ५०ची चेंबर, १.२चा डेक आणि सपाट पिस्टन: कम्प्रेशन बरोबर ८ येतं. माझा कल कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आठच का, साडेआठ का नाही, तर इंदूरच्या हवेमुळे. आपण साधारण ५५० मीटर उंचीवर आहोत, हवेचा दाब सुमारे ०.९५ बार. मेमध्ये ४२ अंशांची हवा टर्बोने अर्धा बार चढवली आणि कम्प्रेसर ६५ टक्के कार्यक्षम धरला, तर बाहेर पडणारी हवा शंभर अंशांच्या वर जाते. हीच हवा १५ अंशांच्या देशात सत्तरच्या आसपास राहते. परदेशी लोक ‘आम्ही साडेआठला चालवतो’ म्हणतात ते खोटं नसतं, फक्त त्यांना धामनोदहून मानपूरचा घाट दुपारी दोनला चढायचा नसतो. इंटरकूलर असेल तर ८, नसेल तर ७.५च्या वर जाऊ नका. त्यात आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. त्याने ऑक्टेन वाढतो, ते चांगलंच. पण संतुलित मिश्रणातलं हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ वरून सुमारे साडेतेरावर येतं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटांवर गाडी आपोआप लीन, इंधन कमी पडून, चालते. जेट बदलल्याशिवाय बूस्ट दिलात तर फोर्ज्ड पिस्टनही वाचणार नाहीत.

माल हातात आल्यावर डबा उघडून लगेच बसवायला घेऊ नका. चारही बॅरलं वर, मध्ये, खाली, दोन दिशांनी बोअर गेजने मोजा. पीथमपूरच्या कारखान्यात क्वालिटी विभागात कुणी ओळखीचं असेल तर त्याला एक संध्याकाळ मागा, त्याची गेज तुमच्या गॅरेजच्या गेजपेक्षा विश्वासाची असते. एकाच बाजूच्या दोन बॅरलांची उंची तीन शतांशाच्या आत सारखी हवी, नाहीतर हेड एकावर बसतं आणि दुसऱ्यावर तरंगतं. पिस्टन, पिन, रिंग वजनाला एक-दोन ग्रॅमांत आणा. फिनांमध्ये ओतकामाची पापुद्री अडकलेली असते, हेडमध्ये तर हमखास. लांब कानशीने ती काढा, हवेची वाट मोकळी होते. बॅरलांखालचे पत्रेही सगळे बसवा. ‘पत्रे काढले की हवा जास्त लागते’ असं सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका. तेलाचा कूलर पंख्याच्या पेटीत आतच असेल तर १९७१ नंतरचा, बाहेर वेगळ्या कप्प्यात बसणारा घ्या; जुन्या रचनेत त्याच्यामागे तीन नंबरचं बॅरल कायम तापतं.

स्टडबद्दल थोडक्यात. केसमध्ये स्टीलचे इन्सर्ट घाला, नुसत्या मॅग्नेशियमच्या आट्यांवर भरवसा नको. ८ मिलिमीटरचे बारीक स्टड बघून घाबरू नका. इंजिन तापल्यावर सगळं लांबतं तेव्हा ते थोडे ताणले जातात आणि दाब सारखा ठेवतात. जाड, कडक स्टड त्याच वेळी केसमधून आटे ओढून काढतात. ८च्या स्टडला २५ न्यूटन-मीटर टॉर्क, १०च्या स्टडला ३२, त्याहून जास्त नाही. बसवण्याआधी बॅरलची वरची कड हेडमध्ये बारीक ग्राइंडिंग पेस्टने घासून घ्या, दोन्हींवर सलग राखाडी पट्टा दिसेपर्यंत, आणि पेस्टचा कणही मागे ठेवू नका.

राहिलं कोटिंग. स्कर्टवरचं काळं कोरडं कोटिंग डब्यातून लावूनच आलं असेल तर छान, सुरुवातीच्या किलोमीटरांत ते पिस्टनला ओरखड्यांपासून वाचवतं. माथ्यावरच्या सिरॅमिकचा फायदा आहे, पण ते नीट लावणारा माणूस जवळ नसेल तर सोडून द्या. सुटलेला पापुद्रा बॅरलमध्ये फिरताना वाळूसारखा वागतो. त्याच पैशात हेडचं तापमान दाखवणारा मीटर येतो, स्पार्क प्लगच्या वॉशरखाली सेन्सर बसणारा. तो आधी लावा. १८० अंशांपर्यंत निश्चिंत, २०० दिसले की पाय उचला. आणि रिंगा बसेपर्यंत, पहिले सात-आठशे किलोमीटर, वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन धूर बाहेर सोडणारी झडप) उघडा बांधून ठेवून गाडी बूस्टशिवाय चालवा, पण लाडात नको: महूच्या रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. मग तेल बदला, व्हॉल्व्ह पुन्हा सेट करा, चारही सिलेंडरांचं कम्प्रेशन लिहून ठेवा आणि तो कागद मला पाठवा.